दुसरी चावी

चावीबद्दल मी खोटं बोललो. एवढंच वाक्य — पण ते आजवर बायकोपुढेही तोंडातून निघालं नाही. आणि ते पुरतं खरंही नाही. चावी हे त्यातलं लहान पाप. मोठ्याकडे कसा वळू?

आधी काम सांगतो. काशीदच्या मागच्या डोंगरावर आमच्या कॉलेजची रेडिओ दुर्बिणीची तबकडी होती. मी आणि विलास, दोघं तिथेच शिकवायचो, दोघं मिळून म्हातारे तारे बघायचो. हे तारे फुगतात, आक्रसतात, धडधडत स्वतःचीच कातडी सोलून अवकाशात भिरकावतात. त्या उधळलेल्या थरांतली पाण्याची वाफ रेडिओलहरींत चमकते — मेसर म्हणतात तिला. कधी विझत जाते, कधी अचानक भडकते. तो भडका सापडावा म्हणून वर्षानुवर्षं मोजत राहायचं. आपल्या हवेतलं पाणी मात्र त्या पाण्याला झाकून टाकतं. किनाऱ्यावर थंडीतल्या कोरड्या सकाळी काय दिसेल ते दिसेल. खारा वारा चढला की आकाश बंद.

तबकडी फिरवणाऱ्या मोटारीला चावी होती. जो वर चढेल त्याने ती काढून खिशात घालायची — म्हणजे खालून कुणी काही फिरवणार नाही. मी अलिबागहून दुसरी करून आणली होती. विलासला न सांगता. का? कुणी वर चढलं की ताटकळायचा कंटाळा, दुसरं काय.

त्या सकाळी एक तारा भडकला. आलेख उभाच्या उभा चढला. विलास म्हणाला, तबकडीच्या मधल्या झाकणावर ओल धरली असेल, पुसून येतो, मग खरं मानू. मी नको म्हणालो. भांडलो. त्याने तबकडी ताऱ्यावरून हटवून खाली झुकवली, चावी घेऊन चढला आणि वरून हसत म्हणाला, "अरे, लाखो वर्सं म्हातारा होतोय तो. जरा थांबंल. पलून जात न्हाय."

समुद्रावर वारा फिरलेला दिसत होता. मी दुसरी चावी घातली, तबकडी परत ताऱ्याकडे फिरवली.

तो उतरला असेल असं वाटलं? नाही. खालच्या खोलीच्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. मला त्याला एक हिसका द्यायचा होता, घाबरवायचं होतं. त्याला लागावं असंही वाटत होतं का? त्या क्षणी — हो.

तबकडी झुकवणाऱ्या दातेरी चाकांनी त्याचा उजवा हात आत ओढला. सुका बांबू फुटावा तसं हाड फुटलं. तो किंचाळत होता, पांढऱ्या तबकडीवरून रक्त ओघळत होतं, आणि मी — मोटार बंद करण्याआधी मी आलेखाकडे पाहिलं.

दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये तो बेशुद्ध होता. त्याच्या भिजलेल्या शर्टाच्या खिशातून मी चावी काढून घेतली. चौकशीत सांगितलं, ती मोटारीलाच होती, काढायची विसरला. त्यानेही ते मानलं.

भडका खरा निघाला. दुसरीकडच्या दुर्बिणींनीही तो पाहिला. माझं नाव झालं.

विलासचा हात मनगटापासून कापावा लागला, नोकरीही सुटली. आता रेवसला धक्क्याजवळ त्याचं दुकान आहे. कुलूप लावतो, चार पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो, डाव्या हाताने खिसा चाचपतो. "चावी सांभालता येत न्हाय यांना," वहिनी गिऱ्हाइकांना हसत सांगतात. तोही हसतो. इतकी वर्षं मीही हसलो.

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनी चहा आणायला आत निघाल्या, त्यांना थांबवलं. दुसरी चावी काढून त्याच्यापुढे काउंटरच्या काचेवर ठेवली.

म्हणालो, "विलास, तू चावी विसरला नव्हतास. ती तुझ्या खिशात होती, मी काढून घेतली. ही माझी. तू वर आहेस हे मला दिसत होतं, तरी मी फिरवली. माझं चुकलं."