सात कोडी बोंबील

काल अंधेरीच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी खारदांड्यातल्या तिसरीच्या वर्गात जाऊन पोहोचलो. तेव्हा मी शाळा तपासायचो. समोर कोळ्यांची मुलं, फळ्यापाशी मालतीबाई.

“वीस सत्ते किती?” मी विचारलं. मुलं पाटीवर रेघोट्या ओढू लागली.

बाई म्हणाल्या, “सात कोडी बोंबील म्हणजे किती रे?”

“एकशे चाळीस!” सगळे एकदम ओरडले. वीसची एक कोडी, हे मुलं आईच्या टोपलीपाशीच शिकली होती.

“बाई, हा वर्ग आहे, मासळीबाजार नाही.”

“मग अवघड घाला ना साहेब!”

मी चिडून तीनशे चाळीसला वीसने भागायला सांगितलं. पुढच्या बाकावरची मुलगी पाटीला हातही न लावता म्हणाली, “सतरा कोडी. सोप्पंय!” अख्खा वर्ग हसला.

तरी शेरेबहीत मी लिहिलं, ‘वर्गात अशुद्ध भाषा चालते.’ त्या शेऱ्यामुळे बाईंचं ठरलेलं मुख्याध्यापिकापद गेलं. पुढे, मुलांच्या घरच्या शब्दांतून गणित शिकवायची हीच रीत मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझी म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या.

आज ती रीत उपनगरांतल्या कितीतरी वर्गांत चालते, मुलं धडाधड उत्तरं देतात. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत मात्र नाव माझं होतं. ते काढून बाईंचं घाला, असं मी अखेर लेखी कळवलं. नवी आवृत्ती काल संध्याकाळी मीच मालतीबाईंच्या हातात दिली. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“काय साहेब, झाली का आमची भाषा शुद्ध?”