घोडीवर आधी सॅक बसली

हसायचं असेल तर हसून घ्या, सकाळी अख्खं मैदान हसलं.

आज रायडिंग क्लबचा पहिला दिवस. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला खुलताबादहून गाडीवर घेऊन आले. सरांनी माझ्या हातात घोडीचा लगाम दिला आणि म्हणाले, "चल, एक राउंड मार." मी सवयीनं पाठीवरची सॅक खोगिरावर ठेवली आणि लगाम धरून घोडीच्या बाजूनं चालायला लागले.

"अगं, वर बसायचंय," सर मागून ओरडले.

आम्ही मेंढरंवाले. आमच्या घोडीवर बिऱ्हाड असतं. भांडी, वाकळा, दमलेली कोकरं. माणसं शेजारून चालतात. त्या घोडीवर माणूस बसलेला मी कधी बघितलाच नाही.

लाजत लाजत बसले. घोडी चालली तसे कुंपणापलीकडून अण्णाही चालायला लागले, तिच्या पावलाला पाऊल लावून. सर म्हणाले, "काका, तुम्ही थांबा की तिथंच." अण्णा थांबले नाहीत. त्यांना ते कळलंही नसावं.

परत येताना क्रांती चौकात सिग्नल लागला. मागं न बघता अण्णांनी विचारलं, "वरून कसं दिसतं गं?"

"लई लांबचं दिसतं, अण्णा."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी आमची गाडी हलेना.

क्लब तरुण पोरापोरींचा आहे, माहितीय मला. पण जन्मभर घोडीशेजारी चाललेल्या माणसाला एक राउंड बसू द्या, हे सरांना उद्या कसं म्हणू? सुचवा कुणीतरी.