मधली खुर्ची

कोणतीही वस्तू हातात आली की सर ती आधी उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "वापरून झाल्यावर हे कुणाच्या हातात जाणार?" माझ्या टेबलावरचा नवा स्टेपलरही त्यातून सुटला नाही.

मुलुंडच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी परीक्षा विभाग सांभाळते. याद्या करणं हे माझं काम आणि खोडही. सर एमबीएच्या मुलांना पर्यावरण आणि सहानुभूती शिकवायचे. "सहानुभूतीला मार्क कसे देता हो?" म्हणून स्टाफरूममध्ये बाकीचे हसायचे. प्राचार्यांनी तर बजावलंच होतं, यंदा मुलांत काही फरक दिसला नाही तर विषय बंद.

त्याच वर्षी सरांनी तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून सुमनताईंचं नाव दिलं. त्या देवनारच्या कचरा डेपोवर कचऱ्यातून विकाऊ माल निवडायच्या.

"सर, फॉर्मात शिक्षणाचा रकाना आहे. काय लिहू?"

"अनुभवाचाही आहे ना? तो भरा."

मी लिहिलं, 'वापरलेल्या पॅकेजिंगची वर्गवारी, बावीस वर्षं.' एक अक्षर खोटं नव्हतं. प्राचार्यांनी सही केली. "मोठ्या कंपनीतल्या दिसतात," म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सुमनताई कडक इस्त्रीची साडी नेसून दाराशीच थांबल्या. सरांनी आपली मधली खुर्ची त्यांच्यासाठी ओढली. "या, बसा मॅडम." प्राचार्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता!

वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने आपलं नवं उत्पादन म्हणून चमकदार पाकिटातला चिवडा मांडला. स्लाइड्स झकास. सुमनताईंनी रिकामं पाकीट मुठीत चुरगळलं, मूठ उघडली. पाकीट परत फुललं.

"हे भंगारवाला घेत नाय. सगळे थर चिकटलेले. आम्ही वाकून उचलतो, आन् परत टाकतो."

मुलगा लाल झाला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि वही काढली.

"मग कसं बनवू, ताई?"

"एकाच जातीच्या प्लास्टिकचं बनव. आन् कडा मऊ ठेव, हात कापतात."

तो लिहीत राहिला.

"किती मार्क द्यायचे?" प्राचार्यांनी विचारलं. सुमनताईंना, सरांना नाही.

"पाकिटाला शून्य. त्यानं विचारलं ना, त्याचे द्या."

विषय राहिला, आणि दर परीक्षेला सुमनताईही येत राहिल्या. तो फॉर्म मी भरला होता, हे मी आजही सांगत फिरते.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदाच्या माझ्या यादीत पहिली नोंद होती, 'मधली खुर्ची'. सुमनताई तिच्यात बसल्या, शेजारी बघितलं. "सर नायत?" मी मान हलवली.

त्यांनी पहिल्या मुलीचा नमुना उचलला, उलटसुलट केला.

"वापरून झाल्यावर हे कुणाच्या हातात जाणार?"

"तुमच्या, मॅडम."

"हां. आता बोल."