सगुणाबाई शाळा बघतात

भोपर गावात एखाद्या मुलीचं लग्न जमत आलं की मुलीचा बाप आधी हॉल कुठे मिळतो ते विचारत नाही, सगुणाबाई मोकळ्या आहेत का ते विचारतो. मुलाचं घर बघायला त्या बरोबर आल्या नाहीत तर सोयरीक कच्ची राहिली असं गावात धरून चालतात. तसं सगुणाबाईंना घरी काही कमी नाही. शेतं गेली तिथे टॉवर आले, त्यातल्या एकात त्यांचेच फ्लॅट आहेत. उन्हातान्हात लोकांच्या मुलींसाठी वणवण करायची काही गरज नाही, पण स्वभावाला औषध नसतं.

त्यांची बघायची रीत ठरलेली. सोफा, झुंबर, गेटवरचे सिंह यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. "हात धुवाचेत" म्हणून सरळ मागच्या मोरीकडे जातात. "मना पानी दे गो पोरी" म्हणून हाक देतात आणि घरातलं कोण उठतं, कोण बसून राहतं, ते बघतात. त्या घरात आधी आलेली सून असेल तर तिच्याशी पाच मिनिटं एकट्या बोलतात. शहाडच्या मेघनाचं असंच एका बंगल्यात ठरत होतं. सगळे दिपून गेले होते. सगुणाबाईंनी बघितलं की थोरल्या सुनेला भरल्या ताटावरून पुन्हा पुन्हा उठवतात, आणि बाहेर येऊन सांगितलं, "बडा घर पोकळ वासा. पोर देऊ नका." मेघनाचा बाप वर्षभर त्यांच्याशी धड बोलला नाही. मेघना मात्र पुढे एका सरळ मुलाशी लग्न करून मस्कतला गेली आणि प्रत्येक दिवाळीला सगुणाबाईंना फोन करत राहिली.

दुसरा नियम याहून कडक. आपल्या मुलीत काही उणं असेल तर ते चहाला तोंड लावायच्या आधी सांगायचं. चहा उष्टा झाल्यावर सांगितलं तर ती फसवणूक. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणतात की घरातले ऐकून कंटाळलेत.

हा नियम त्यांना फुकट मिळालेला नाही. त्या कोपरीच्या. बाप मिठागरावर कामाला. लहानपणी तापात त्यांचा डावा कान गेला तो गेलाच. बघायला पाहुणे आले तेव्हा आईने त्यांना उजवी बाजू पाहुण्यांकडे करून बसवलं. डावीकडून कोणी काही विचारलं, सगुणा गप्प. आई हसून म्हणाली, "लाजरी हाय." लग्न झालं. सासू डावीकडून हाक मारायची आणि नवी सून जागची हलायची नाही. उर्मट, माजोरी, सगळी विशेषणं झाली. खरं सांगावं तर माहेर खोटं पडतं, म्हणून सगुणाने वर्षभर तोंड शिवून बोलणी खाल्ली. मग एकदा शेतात बैल उधळला. नवरा, परशुराम, डावीकडून जीव तोडून ओरडत होता आणि ही निवांत उभी. त्याने तिला ओढून बाजूला घेतलं तेव्हा त्याच्या सगळं ध्यानात आलं. त्याने घरी जाऊन आईला स्वतःच सांगितलं आणि त्या दिवसापासून तो बायकोच्या उजव्या बाजूनेच चालतो. कोणी विचारलं तर म्हणतो, "शब्द वाया जायला नकोत."

तर अशा या सगुणाबाईंच्या घरातच गेल्या वर्षी स्थळ बघायची वेळ आली. मुलीचं नव्हे, शाळेचं.

मुलगा दिपेश इंजिनीअर. त्याला मस्कतला नोकरी लागली. सून कल्पिता फिजिओथेरपिस्ट, तिलाही तिथल्या एका हॉस्पिटलने बोलावलं. प्रश्न होता क्षिप्राचा. नात पाच वर्षांची, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली, दिवसभर बोलायला हवं असलेली आणि बोलताना अडखळणारी. पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडून बसायचं. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. वाट बघायची, वाक्य येतं. पण डोंबिवलीच्या शाळेत पोरं तिची नक्कल करू लागली तशी ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. मस्कतला चांगली खासगी शाळा मिळाली तर ती आईबापांबरोबर जाणार, नाहीतर वर्षभर भोपरला आजीआजोबांकडे राहणार, असं ठरलं.

कल्पिताने रात्रंदिवस शोधून एक शाळा काढली. काचेची इमारत, पोहायचा तलाव, नाटकाला वेगळा हॉल. शाळेने मोबाइलवरून सगळं फिरून दाखवलं. दाखवणारी बाई विचारती झाली, आणखी काही बघायचंय का. सगुणाबाई पुढे सरकल्या.

"लडकी लोगों का बाथरूम दिखाव."

दिपेशने डोळे मिटून घेतले. बाई हसून म्हणाली की तिकडे कॅमेरा नेता येत नाही.

"बरं. जो बच्चा छोड के गया, उसकी मम्मी का नंबर देव."

तोही मिळाला नाही. सगुणाबाई मागे टेकल्या आणि परशुरामला म्हणाल्या, "थोरल्या सुनेशी बोलू देत नाय." परशुरामने मान हलवली. कल्पिता मात्र वैतागली. शाळा म्हणजे काय सोयरीक आहे का, असं ती दिपेशला आत जाऊन म्हणाली, आणि तेही काही चूक नव्हतं.

मग मुलाखत आली, तीही मोबाइलवरच. कल्पिताच्या लक्षात आलेलं की गाणं म्हणताना क्षिप्रा अडखळत नाही. तिने पोरीकडून एक इंग्रजी कविता घोटून घेतली. कविता म्हणायची, हसायचं, संपलं. ओळखीच्या एका बाईने सांगून ठेवलेलं, अडखळण्याचं बोलायचंच नाही, एकदा प्रवेश झाला की कोण काढतंय? कल्पिता खोटारडी नव्हती. पोरीसाठी आई काय काय करते, तेच ती करत होती.

कविता झकास झाली. पलीकडची मॅडम खूश. मग तिने क्षिप्राला तिच्या मैत्रिणीचं नाव विचारलं. क्षिप्राचे ओठ मिटले, मान ताठ झाली, अक्षर काही येईना. कल्पिता चटकन म्हणाली, "शी इज अ बिट शाय, मॅम." मॅडमने मान डोलावली आणि हिंदीत म्हणाली, "कोई बात नहीं, शर्मीली है."

तो शब्द सगुणाबाईंच्या उजव्या कानात शिरला तसा त्यांच्या हातातला चहा त्यांनी न पिता खाली ठेवला. लाजरी. पाटावर उजवी बाजू करून बसलेली एक मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या उठल्या, मोबाइलसमोर वाकल्या.

"मॅडम, शर्मीली नहीं है. बोलताना अटकती है. टाइम देने का, सब बोलती है."

मॅडम गोड हसली. गोडच बोलली. दुसऱ्या दिवशी ईमेल आलं की जागा भरल्या आहेत.

घरात भांडण असं झालं नाही, पण कल्पिता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आई, तुम्हाला तिला इथेच ठेवून घ्यायचं होतं. म्हणून बोललात ना?"

सगुणाबाईंनी परात पुढे ओढली. ईमेल वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या मनात आनंदाची एक उकळी फुटली होती, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. वर्षभर क्षिप्रा इथे. सकाळी तिची वेणी, दुपारी तिच्या लांबलचक गोष्टी. त्यासाठी त्या बोलल्या नव्हत्या, हे खरं. पण तसं झाल्यावर त्यांना बरं वाटलं, हेही खरं. त्या दिवशी भाकरी थापताना त्यांची भाकरी पहिल्यांदा कडेला फाटली.

आणि इथेच सगुणाबाई काय चीज आहेत ते दिसतं. दुसरी कोणी असती तर देवाच्या मनात तसं होतं म्हणून नात कुशीत घेऊन बसली असती. सगुणाबाईंनी दुपारी मस्कतला फोन लावला. ज्या पोरीला सोडणं त्यांच्या जिवावर येत होतं, तिला दूर धाडण्यासाठी त्या स्वतः घर बघायला निघाल्या.

"मेघना, एक काम हाय. शालेच्या आत नको जाव. शाला सुटताना गेटवर उभी ऱ्हा. पोरां कशी भायेर येतान ते बघ, आन् मना सांग."

मेघनाने विचारलं नाही की कशासाठी. एकदा त्या बाईने तिच्यासाठी मोरी बघितली होती. ती आपल्या मुलाला कडेवर घेऊन एकेका शाळेच्या दारात उभी राहिली. आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"काकी, एक बघितली. जुना बंगला आहे, त्यात शाळा. मैदान नाहीच म्हटलं तरी चालेल. पण ऐका ना. बसमध्ये मुलं चढत होती. एक छोटी पोरगी टीचरला सांगत होती की तिच्या डब्याचं झाकण हरवलंय. लांबण लावलेली तिने. बसवाला हॉर्न मारतोय. टीचरने त्याला हात दाखवून थांबवलं. नुसता हात. त्याच्याकडे बघितलंही नाही. पोरगीचं बोलून झालं तेव्हाच बस सुटली."

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् थोरली सून?"

मेघनाने तीही शोधली होती. बदली झाली म्हणून तिथून मुलाला काढावं लागलेली एक आई. तिने शाळेच्या दहा उणिवा सांगितल्या आणि शेवटी म्हणाली की शाळा सोडताना मुलगा रडला होता.

रात्रीच्या जेवणाला सगुणाबाईंनी मुला-सुनेपुढे विषय काढला. नियमाप्रमाणे उणं आधी. मैदान नाय, इमारत जुनी, तलाव तर इसराच. मग बस थांबल्याची गोष्ट सांगितली. कल्पिताचा घास हातातच राहिला. सकाळी तिने स्वतः त्या शाळेत फोन करून चौकशी केली. बोलण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणारी खास शिक्षिका तिथे दर आठवड्याला येते, हे तिने काढलं. असं शिकवणारं माणूस असतं हेच सगुणाबाईंना माहीत नव्हतं. त्या सुनेला म्हणाल्या, "बरा विचारलास. मना नसता सुचला."

या शाळेच्या मुलाखतीला सगुणाबाई हॉलमध्ये बसल्या नाहीत. आपल्या जिभेचा त्यांना भरवसा नव्हता. त्या स्वयंपाकघरात चहा करत राहिल्या, उजवा कान दाराकडे. चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या आणि कल्पिताचा आवाज ऐकून तिथेच थांबल्या. कल्पिता इंग्रजीतून बोलत होती. सगळं कळत नव्हतं, पण डॉक्टरकडे ऐकलेला 'स्टॅमर' हा शब्द त्यांना बरोबर कळला. पहिलंच वाक्य होतं ते. चहा अजून ट्रेमध्येच होता.

सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात रिकामा नव्हता.

मग मुलाखत घेणाऱ्या टीचरने क्षिप्राला काहीतरी विचारलं आणि हॉलमध्ये शांतता झाली. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी शब्द पुरवला नाही. मोबाइलमधली बाईसुद्धा थांबली होती. चहावर साय धरली. आणि क्षिप्राचं वाक्य आलं, अडखळत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी, की माझी आजी एकाच कानाने ऐकते, म्हणून तिच्याशी बोलायचं तर बाजू बदलावी लागते. टीचरने विचारलं, कोणती बाजू? "रा-रा-राइट," क्षिप्रा म्हणाली.

प्रवेश मिळाला.

निघायच्या दिवशी सगुणाबाई विमानतळावर गेल्या नाहीत. घर बघायला जायचं, पाठवणीला नाही, हाही त्यांचा जुना नियम. बॅगेत सुकट आणि तांदळाचं पीठ भरून दिलं. कल्पिता पाया पडली आणि तशीच खाली बसून राहिली.

"आई, त्या दिवशी मी बोललेले ते..."

"अर्धा खरा होता गो," सगुणाबाई म्हणाल्या. "अर्धा नव्हता. चल ऊठ, गाडी थांबलीय."

गाडी शीळफाट्याच्या रस्त्याला लागली आणि सगुणाबाई आत येऊन खूप रडल्या. परशुराम त्यांच्या उजवीकडे बसून राहिला.

शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी त्या भाकरी थापत होत्या. उजवा हात पिठात. फोन वाजला तसा घाईघाईत डाव्या हाताने उचलून तो तसाच डाव्या कानाला लावला. "क्षिपू, गेलतीस कं शालेत?" पलीकडून काही नाही. पोर गप्प आहे. तिथेही हसली असतील पोरं, तिथेही ओठ मिटले असतील, आणि मी तिला धाडली, माझ्या हाताने धाडली, असं त्यांच्या मनात आलं. तरी त्यांनी फोन ठेवला नाही, दुसरा शब्दही विचारला नाही. वाट बघायची, वाक्य येतं. तवा तापून धुरावला तरी त्या उभ्याच.

धूर बघून परशुराम आत आला. त्याने गॅस बंद केला, बायकोकडे बघितलं, आणि तिच्या हातातला फोन काढून तिच्याच उजव्या कानाला लावला.

क्षिप्रा बोलतच होती. बसमध्ये कोण शेजारी बसलं, डब्यात काय होतं, टीचरच्या टेबलावर कासव आहे, ते पाण्यातून कसं बाहेर येतं. अडखळत होती, थांबत होती, पुन्हा चालू होत होती. कधीपासून बोलत होती कोण जाणे.