तुजा नाव काय गो?

सर डोक्यावर टिचकी मारून "एंटर" म्हणायचे. फोंडाघाटच्या बाजारात किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. "कितीही टाइप करा, एंटर दाबल्याशिवाय मशीनला पोचत नाही. तुमच्या टाळक्याचंही तसंच आहे." आम्ही त्यांना एंटर सरच म्हणायचो. टिचकी चांगलीच लागायची.

शिकवायचे मात्र झकास. प्रोग्रामने आधी प्रश्न छापायचा, मग उत्तर घ्यायचं, हे समजावताना ते स्वतःच मशीन व्हायचे. कुणी प्रश्न छापायला विसरला, की सर त्याच्यासमोर ढिम्म उभे. वर्ग हसतोय, तो रडकुंडीला आलाय, तरी हलायचे नाहीत. ती चूक पुन्हा कुणी केली नाही. आज मी याच विद्येवर पोट भरते, आणि सरांवर माझं प्रेमही आहे, काय करणार.

क्लासात मालवणी त्यांना खपायची नाही. स्वतः मात्र जिना उतरताच दुकानदाराशी मालवणीतच भांडायचे.

माझ्या शेजारी दर्शना बसायची, काजूच्या बागायतदाराची पोर. परीक्षा पास झाली तर काजू कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, नाहीतर मे महिन्यात लग्न, असं बापाने बजावलं होतं.

परीक्षक घाट उतरून कोल्हापुराहून आले. दर्शनाच्या स्क्रीनवर उमटलं, "तुजा नाव काय गो?" सराव करताना ती स्वतःलाच विचारायची, ते तसंच राहून गेलं होतं. मिशीवाल्या परीक्षकांनी 'पाटील' टाइप केलं. उत्तर आलं, "बरी आसस मा गो, पाटील?"

वर्ग हसत सुटला. परीक्षकही हसले. "'गो' म्हणून आमची बाई केली की पोरीनं! पण चाललाय प्रोग्राम. द्या पास करून."

सरांचा चेहरा लाल झाला होता. "नाही साहेब. माझ्या क्लासात हे चालणार नाही," म्हणत त्यांनी तिला नापास करायला लावलं. मग तिच्याकडे वळले. "जा, काजू फोड."

मे महिन्यात लग्न झालं. सासरी आधी तिचा फोन काढून घेतला, मग माहेरही तोडलं.

गेल्या वर्षी सरांना भेटले. क्लास बंद, पाय सुजलेले. मी दर्शनाचं सगळं सांगितलं.

"मिया तिका नापास करूक नाय गो," ते म्हणाले, "त्या 'गो'क केलंय."

लग्न मात्र दर्शनाचं लागलं होतं.