हनुमंताचं कुलूप

काळजी करावी तर आमच्या हनुमंतानं. माझा धाकटा भाऊ, शेवगावजवळ कपाशी करतो. आभाळ आलं तर म्हनतो पीक वाहून जाईल, न्हाई आलं तर म्हनतो वाळून जाईल. त्याची एकुलती लेक पंकजा पोलीसभरतीला पळायची हुती, नगरला. भल्या पहाटं मैदानावर हजर व्हायचं, उशीर झाला की फाटकातूनच माघारी. म्हनून आदल्या दिवशीच मुक्कामाला जायचं ठरलं, अन् ह्या बाबाला नवी काळजी लागली.

नगरात त्याच्या ठावकीचे दोनच लॉज, दोन्ही जुनेपुराने. कोर्टाच्या तारखेला आमचे आजोबा तिथंच उतरायचे. कापडबाजारातल्या लॉजची दारं भक्कम, पर गल्ल्यावरचं पोरगं पंकजाकडं बघून गालात हसलं. "कोन ही?" म्हनलं.

"लेक हाय माझी, लेक!" असं वरडत हनुमंत भायेर.

माळीवाड्याच्या वेशीजवळच्या लॉजवर म्हातारी केशरबाई बसलेली. वरचा मजला बायकांचा, गड्यांनी खाली निजायचं, असा तिचा कायदा. हनुमंताला बरं वाटलं. वर जाऊन बघतो तर खोलीची आतली कडी लुळी! झालं, परत कापडबाजार. तिथनं परत माळीवाडा. शेवटी पंकजाच चिडली, "आबा, पळायचं उद्या हाय, आजच दमवता का?" तवा कुठं माळीवाडा ठरला.

आता ह्या शहान्याची करामत ऐका. घरनं निघताना त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप पिशवीत घातलं हुतं. नाकापेक्षा मोती जड, असलं धूड. म्हनला, "भायरून लावतो."

"आबा, आग लागली तर?"

"शुभ बोल गं, बये!"

त्याला तर वर निजता येईना. रात्री पोरीला काय लागलं तर उघडायला किल्ली केशरबाईकडं दिली. तिनं ती कंबरेला खोचली.

पहाटं बघतो तर केशरबाईची खुर्ची रिकामी. कुनीतरी सांगितलं, "गनपतीला गेली. आरती झाल्यावर येईल."

हनुमंत कायदा न् फायदा विसरून वर पळाला. कुलूप वढलं, हिसकलं, दगडानं हानलं. कुलूप हूं का चूं करंना. शेवटी दाराला डोकं टेकून रडाया लागला माझा भाऊ. "पंके, माझ्याच हातानं तुझं वाटुळं केलं गं!"

आतून आवाज आला, "आबा, बाजूला व्हा."

लाथ बसली. एक, दोन. तिसऱ्या लाथेला जुन्या चौकटीतनं कोयंडा खिळ्यासकट निघाला. पोरगी भायेर आली, बुटाच्या नाड्या आवळल्या अन् जिना उतरली. मागं हनुमंत, हातात कोयंड्याला लोंबतं कुलूप. मैदानाच्या फाटकात ती शिरली अन् लगेच मागं फाटक लागलं.

भरती झाली ती. परवा ट्रेनिंगला जायची तयारी चालली हुती, तर ह्यानं परत तेच कुलूप पुढं केलं. "खोलीला लाव. परका मुलूख हाय."

पंकजानं कुलूप त्याच्या हातात माघारी ठेवलं. "आबा, द्यायचीच तर आतली कडी द्या."

हनुमंत उठला. सांजच्याला शेवगावच्या बाजारातनं आला तवा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली पितळी कडी हुती, अन् ती लावायचे चार स्क्रू.