कपाटामागचं वळण

श्रीनिवास आगाशे खडकीच्या एका कारखान्यात तीस वर्षं विजेचे फोरमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी कोथरूडच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली रिकामी करून तिथे मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे उभारली. पाहुणे यायचे थांबले, हा त्यांच्या मते वरचा फायदा.

गाडी मात्र कपाटामागच्या वळणावर रांगायची आणि थांबायची. आगाशे इंजिनाला शिव्या घालत. तीन इंजिनं खोलून झाली, मग दुप्पट ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आला. गाडी तिथेच थांबली.

शेवटी त्यांच्या पत्नी कुसुमताई मीटर घेऊन आल्या. त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलेलं. वीज जोडली होती तिथे मीटरने बारा व्होल्ट दाखवले, वळणावर जेमतेम सात.

"अहो, एवढ्या पंगतीला एकच वाढपी ठेवलाय तुम्ही. रुळांच्या प्रत्येक जोडाला वीज थोडी घटतेय. शेवटच्या पानावर काय पडणार?"

"मी अख्ख्या कारखान्याला वीज पुरवलीय!"

"हाताखाली चाळीस माणसं होती. त्यांतल्या कुणाला तरी कळत असेल."

आगाशे दोन दिवस त्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखालून जाड तारांची जोडी फिरवली आणि दर तीन फुटांवर तिच्यातून बारीक तारा काढून रुळांना सोल्डर केल्या. गाडी वळणावरून सुसाट बाहेर आली.

आभार मानणं काही जमेना, म्हणून त्यांनी गाडीचा वेग ठरवणारा रेग्युलेटर कुसुमताईंच्या हातात दिला. कुसुमताईंनी तो पूर्ण फिरवला. गाडी रुळावरून उडून थेट कपाटाखाली गेली.

"हा दोष मात्र चालकाचा," आगाशे अत्यंत समाधानाने म्हणाले.